ओला-सुका: आधी गाडीचं बघा, पोस्टर नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अडीचशे फ्लॅटची सोसायटी, बहुतेक घरं ओला-सुका वेगळा देतात, वॉर्डात नवीन नगरसेविका निवडून आल्यात आणि त्यांनी कमिटीला विचारलंय की कचऱ्याच्या बाबतीत पालिकेकडून काय करून घेऊ, घरोघरी डबे वाटू, ॲप काढायला लावू, की वेगळा न देणाऱ्यांना दंड लावू. शहर कुठलं ते विचारणाऱ्यांनी सांगितलेलं नाही आणि मीही विचारत नाही, ठाणे काय नि नवी मुंबई काय, खाडीच्या अल्याड-पल्याड दुखणं तेच आहे.

माझं उत्तर: यातलं काहीच नको, निदान आधी तरी नको. आधी गाडी सुधारा. मी सतरा वर्षं या कामात आहे, सुरुवातीला कचरावेचक बायकांच्या गटाबरोबर होते, मग सोसायट्यांचे कंपोस्ट पिट, म्हणजे खताचे खड्डे, चालवले, आता घंटागाड्यांचे रूट बसवून देते, आणि एवढ्या वर्षांत मला "लोकांना कळत नाही हो" हे वाक्य जेवढं ऐकावं लागलंय तेवढं दुसरं कुठलंच नाही. लोकांना कळतं. माझ्या ओळखीच्या एक आजी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या, कोपरा कापताना तुकडा पूर्ण सुटू द्यायच्या नाहीत कारण तो चिमुकला तुकडा कुठेच पकडता येत नाही, गटारात जातो, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं. एक दिवस वॉचमन आला नाही म्हणून त्या स्वतः खाली गेल्या आणि बघितलं तर दोन्ही बादल्या एकाच तोंडात उलट्या केल्या जातायत. त्या दिवसापासून दोरी रिकामी. आता त्या आजींना तुम्ही कुठलं पोस्टर दाखवणार?

तर मुद्दा हा की कचरा घरात वेगळा होतो, पण तो वेगळा राहणार की नाही हे गाडीच्या मागे ठरतं. मग गाडीवाला एकत्र का करतो? आळशी आहे म्हणून? तसं सांगणं सोपं आहे. खरी कारणं बघा.

पहिलं म्हणजे गाडीच तशी नसते. कचरा दाबून नेणाऱ्या मोठ्या गाडीला, कॉम्पॅक्टरला, मागून एकच तोंड, त्यात जे जाईल ते दाबलं जातं, ओल्याचं पाणी पुठ्ठ्यात मुरतं, काच फुटून भाजीच्या देठांत मिसळते, मग तो ओला खतालाही जात नाही आणि सुका विकलाही जात नाही. छोट्या गाड्यांत पार्टिशन असतं, पण निम्मं-निम्मं. आता सुका कचरा वजनाला हलका आणि जागेला भारी, एका ऑनलाइन पार्सलचा खोका आख्खी बादली खातो, त्यामुळे सुक्याची बाजू तिसऱ्या बिल्डिंगलाच भरते आणि ओल्याची अर्धी रिकामी असते. हेल्परसमोर अजून अकरा बिल्डिंगा आहेत. तो काय करेल? तुम्ही काय केलं असतं? म्हणून माझा आग्रह असतो की पार्टिशनच्या भानगडीत पडू नका, ओल्याची गाडी रोज, सुक्याची गाडी वेगळी आणि आठवड्यातून दोन दिवस, वार ठरलेला. सुका घरात तीन दिवस राहिला तर काही वास मारत नाही, फक्त धुऊन ठेवायचा. एका पत्र्यापेक्षा वार जास्त काम करतो, कारण ठरलेल्या वारी सुक्याची गाडी वेगळी येणार असेल तर एकत्र करायला दुसरं काही त्या गाडीत नसतंच.

दुसरं कारण नगरसेविकांनी नीट वाचावं, कारण इथे त्यांचं वजन खरंच उपयोगी पडतं. ठेकेदाराला बिल बहुतेक ठिकाणी टनावर निघतं. गाडी वजनकाट्यावर चढते, पावती फाटते, जेवढे टन तेवढे पैसे. म्हणजे आपण एका हाताने लोकांना सांगतो की बाबांनो कचरा कमी करा, घरी खत करा, आणि दुसऱ्या हाताने ठेकेदाराला सांगतो की जास्त आणशील तर जास्त मिळेल. पावसाळ्यात भिजलेल्या कचऱ्याचं वजन बघा, पाण्याचे पैसे देतो आपण. शहाळ्यांच्या ढिगाला गाडी लगेच येते, का ते कळलं ना? कुठल्या तरी गाडीत खाली डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, सापडल्याच्या कथा या धंद्यातल्या प्रत्येकाकडे आहेत, मीही एका वॉर्डात, नाव घेत नाही, ओल्या कचऱ्याच्या गाडीतून फरशीचे तुकडे निघताना बघितलेत. तर पुढचं टेंडर निघेल तेव्हा बिल टनावर न ठेवता घरांच्या संख्येवर ठेवा, इतकी घरं, रोज, वेळेत, इतके पैसे, आणि कचरा वर्गीकरणाच्या शेडवर मिक्स गाडी आली तर त्या फेरीचे पैसे कापा. हे एक कलम बदललं तर दहा हजार डबे वाटण्यापेक्षा जास्त फरक पडेल असं माझं मत आहे, आणि ते मी बैठकांमध्ये इतक्यांदा मांडलंय की लोक मला बघून चहा मागवतात.

तिसरं कारण कोणी बोलत नाही. गाडीच्या मागे लटकवलेली गोणी बघितलीय का कधी? त्यात पाण्याच्या बाटल्या, डबे, वायर, पुठ्ठा जातो, ती हेल्परची वरकमाई. ठेकेदाराकडून मिळणाऱ्या पगारात घर चालत नाही, गोणीत चालतं. पालिका जेव्हा म्हणते की सगळा सुका शेडवर जमा करा, तेव्हा ती त्या माणसाच्या ताटातली भाकरी उचलत असते आणि वर त्याच्याकडून सहकार्याची अपेक्षा करते. तो मिक्स करणारच, कारण मिक्समधून चालत्या गाडीत त्याला हवं ते काढता येतं आणि कोणी विचारत नाही. यावरचा उपाय पुण्याने दाखवलाय, तिथे 'स्वच्छ' नावाच्या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका २००८ पासून पालिकेशी करार करून घरोघरी जातात, घरटी शुल्क घेतात आणि भंगार विकून आलेले पैसे त्यांचेच असतात. म्हणजे जितकं स्वच्छ वेगळं केलेलं मिळेल तितका फायदा तिचाच, तिला कोणी मॉनिटर करायची गरज नाही. पुण्याचं सगळं गोड आहे असं म्हणत नाहीये, दर करार संपताना त्यांना झगडावं लागतं, पण गणित बरोबर आहे. करारात स्पष्ट लिहा की सुक्या मालाची विक्री वर्गीकरण करणाऱ्यांची, ठेकेदाराची नाही.

आता रिसायकलिंग म्हणून लोक जे समजतात त्याबद्दल. रद्दी, पुठ्ठा, पत्रा, दारूच्या बाटल्या, हे घंटागाडीत येतंच कमी, ते आधीच भंगारवाल्याकडे जातं आणि तो पैसे देऊन नेतो. पालिकेने त्याच्याशी स्पर्धा करू नये. उलट बऱ्याच ठिकाणी अतिक्रमण म्हणून त्याचंच दुकान उठवतात आणि मग महिन्याभरात डंपिंगवर पुठ्ठा का वाढला याच्या मीटिंगा घेतात. पालिकेने पैसे घालायचे ते ज्याला कोणी विकत घेत नाही त्यावर: चिप्सची पाकिटं, बिस्किटाचे रॅपर, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल, गोळ्यांच्या स्ट्रिप, तुटक्या चपला, जुन्या उशा. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेला असतो, ते थर परत सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. असा माल दाबून, गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो, पण पहिली अट म्हणजे कोरडा पाहिजे. ओला झाला की जळण्यातली बरीच ताकद पाणी वाळवण्यात जाते आणि कंपनी तो घेत नाही. म्हणजे परत गाडीवरच आलो. प्रत्येक वॉर्डात चार-पाच गाळ्यांएवढी एक शेड, वर पत्रा, खाली कोबा, एक वजनकाटा, गठ्ठे बांधायचं एक बेलिंग मशीन, आणि बायकांना बसायला टेबल, जमिनीवर उकिडवं नाही, एवढं पुरे. जागा नाही असं सांगतात. पार्किंगला मिळते.

ओल्याचं बघू. शहरात माणशी दिवसाला चारशे-पाचशे ग्रॅम कचरा धरला तर तुमच्या अडीचशे घरांचा, म्हणजे साधारण हजार माणसांचा, रोजचा चारशे-पाचशे किलो झाला आणि त्यात निम्म्याहून जास्त ओला. केंद्राच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला १०० किलोच्या वर कचरा असणारा मोठा निर्माता धरला जायचा आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नवीन नियमांतही १०० किलोची रेषा आहेच, म्हणजे तुम्ही त्यात सहज बसता, साठ-सत्तर फ्लॅटवालेसुद्धा बसतात. ओला शक्य तिथवर तिथल्या तिथे जिरवायची जबाबदारी तुमची. पण नोटीस पाठवून खत होत नाही. ठाण्याचा घोडबंदर रोड पकडून गेलात तर कित्येक टॉवरच्या मागे बंद पडलेले पिट दिसतील, त्यात आता जुने टायर आणि माळ्याची फावडी आहेत.

का बंद पडतात ते सांगते. नव्वद टक्के वेळा गोष्ट एकच, कोरडं घालायला काही नसतं. आपल्या स्वयंपाकघराचा कचरा निव्वळ पाणी आहे, सत्तर-ऐंशी टक्के. त्यात सुकी पानं, भुसा, कोकोपीट, काहीतरी कोरडं मिसळलं नाही तर हवा शिरत नाही, हवा नाही म्हणजे सडतं, सडलं म्हणजे वास, वास म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काकांचा अर्ज, अर्ज म्हणजे एजीएम, सोसायटीची वार्षिक सभा, आणि एजीएममध्ये कुठलीही चांगली गोष्ट जिवंत राहत नाही. नीट लागलेल्या ढिगात मधोमध हात घातला तर चटका बसतो, ५५ ते ६५ डिग्री जातं तापमान, त्यात रोगजंतू नि बिया मरतात, आणि वास येतो तो पावसाळ्यातल्या मातीचा. मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसली पाहिजे पण थेंब पडता कामा नये, हीच आमची टेस्ट, मशीन नको. आता गंमत बघा, एकीकडे सोसायट्यांना सुकी पानं मिळत नाहीत आणि दुसरीकडे पालिकेचा उद्यान विभाग टनावारी पानं झाडून डंपिंगला पाठवतो. एक श्रेडर घ्या, पानं बारीक करून गोणीत भरा, सोसायटीला फुकट द्या, आणि तयार खत उद्यान विभागाने परत घ्यावं. चारशे-पाचशे किलोतल्या अडीचशे किलो ओल्याचं शेवटी पन्नास-साठ किलो खत उरतं रोज, महिन्याला दीड टन, तुमच्या सोसायटीच्या कुंड्यांत ते मावणार नाही, दोन महिन्यांनी गोण्या जिन्याखाली साचायला लागतात आणि तिथेही प्रकल्प मरतो. पानं द्या आणि खत घ्या, पालिकेने एवढं केलं तर निम्मे बंद पिट परत चालू होतील. मालमत्ता करात सूट द्यायची तर तीही द्या, पण पिट बांधला म्हणून नको, चालतोय म्हणून द्या, पालिकेच्या एसआयने, म्हणजे सॅनिटरी इन्स्पेक्टरने, थर्मामीटर घेऊन महिन्यातून एकदा यावं, तारीख न सांगता.

आणि हाऊसकीपिंगच्या करारात पिट हलवायचं काम वेगळ्या पैशांसह लिहा. झाडूवाल्या मुलाला "जाता जाता तेवढं बघ" म्हणून होत नाही ते.

सॅनिटरी पॅड आणि डायपरवर सगळे खाली मान घालतात म्हणून मी मुद्दाम बोलते. २०१६ च्या नियमांत कचऱ्याचे तीन भाग होते, ओला, सुका आणि घरातला घातक. नवीन नियमांत चार केलेत, सॅनिटरी वेगळा काढलाय, बरं झालं. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका, एवढं सोपं आहे, पुण्यात हे चालू आहे. ज्या बाईला ते पाकीट हाताने उघडून बघावं लागतं की आत विकण्यासारखं काय आहे, तिच्या शेजारी बसून एक तास काढा, मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय "नको त्या गोष्टी" म्हणून कोणी डिलीट करणार नाही. ट्यूबलाइट, सेल, जुन्या औषधांसाठी मात्र रोज गाडी नको, महिन्यातून एक रविवार पुरतो.

सोसायटीच्या बाहेरही वॉर्ड असतो हे नगरसेविकांना सांगा, मतं तिथलीच जास्त असतील. नवी मुंबईत दिघ्याला किंवा ठाण्यात लोकमान्यनगरच्या चढावर गाडी गल्लीत शिरतच नाही, खालच्या नाक्यावर उभी राहून गाणं वाजवते आणि निघून जाते. एका वस्तीत आम्ही महिनाभर शोधत होतो की बायका कचरा का देत नाहीत, प्रबोधन करून थकलो, शेवटी एक बाई वैतागून म्हणाली, "ताई, तुमची गाडी येते तेव्हाच नळाला पाणी येतं, मी हंडा भरू की बादली घेऊन पळू?" गाडी पाऊण तास उशिरा केली, प्रश्न संपला. एक पैसा खर्च नाही. तसंच सकाळी सव्वासातची लोकल पकडणारी नवरा-बायको दोघंही, त्यांच्या दारात साडेनऊला गाडी येऊन काय उपयोग, ते काळी पिशवी बांधून स्टेशनच्या वाटेवर कोपऱ्यात टाकतात आणि आपण त्या कोपऱ्यात रांगोळी काढून तुळस ठेवतो. संध्याकाळी साडेआठची एक फेरी ठेवा, रांगोळीचा खर्च वाचेल.

कचरा मुळात कमी करायचा तर उपदेश करून होत नाही, सोय करून होतो. वॉर्डातल्या बचत गटाला स्टीलची दोनशे ताटं-वाट्या-पेले घेऊन द्या, बारसं, पूजा, वाढदिवस, भाड्याने जातील, थर्माकोलच्या पत्रावळींवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे पण पर्याय हाताशी नसला की लोक कुठून तरी आणतातच. पिशव्यांचंही तसंच, भाजीवालीची टोपली उलटी करून दोन किलो पिशव्या जप्त केल्याचे फोटो येतात, तिला पुरवणारा होलसेलवाला चार गल्ल्या सोडून बसलेला असतो, छापा तिथे घाला. आणि संक्रांतीला हळदीकुंकवात वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटायचं बंद करू या का आपण बायकांनी? माझ्या घरात एकवीस आहेत, झाकणं अठरा.

लोक इंदूरचं उदाहरण देतात. जरूर द्यावं, २०१७ पासून सलग स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत राहिलं ते शहर. आपल्याकडून अभ्यासदौरे जातात, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, २०२२ ला सुरू झालेला रोज ५५० टनांचा बायोसीएनजी प्लांट बघतात, फोटो काढतात, पोहे-जिलबी खाऊन परत येतात आणि इथे तसाच प्लांट पाहिजे म्हणतात. अहो, तो प्लांट चालतो कारण त्याच्या तोंडाशी येणारा ओला कचरा स्वच्छ असतो. बायोगॅसच्या टाकीत पिशव्या नि वाळू गेली की पंप चोक होतो. इतक्या लांब जायचंही कारण नाही, मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळ्यांनी ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचं निसर्गऋण हे तंत्र बसवलं, तेही हेच सांगतं, माल साफ द्या मग गॅस मागा. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याला जात होता, २०२३ ला ते डंपिंग बंद झालं, मग भांडार्ली, डायघर, आतकोली अशी जागांची नावं बदलत गेली. प्रत्येक नवीन जागेच्या आसपास गाव आहे आणि त्या गावाचं म्हणणं एकच असतं, आमच्या दारात मिक्स कचरा नको. बरोबर आहे त्यांचं.

दंडाचं विचारलंत. लावा, पण गाडी तीन महिने न चुकता वेगळी आल्यावर. त्याआधी लावलेल्या दंडाची पावती घेताना लोक मोबाइलमधला गाडीचा व्हिडिओ दाखवतात आणि इन्स्पेक्टरला पावती परत खिशात घालावी लागते.

मोजायचं काय तर किती डबे वाटले, किती शपथा घेतल्या हे नको. महिन्यातून एकदा कुठल्याही ओल्या गाडीतून न निवडता दहा पिशव्या काढा, ताडपत्रीवर उघडा, त्यात सुकं किती किलो निघालं ते वजन करा. तसंच सुक्याच्या गाडीचं. दोन आकडे, वॉर्ड ऑफिसच्या बाहेर खडूने लिहा. पहिल्या महिन्यात आकडा वाईट येईल, येऊ दे, लपवायचा नाही. सगळ्या वॉर्डात एकदम करू नका, एका मुकादमाच्या हाताखालची हजारभर घरं घ्या, तीन महिने.

आणि हे सगळं ठरवण्याआधी नगरसेविकांना म्हणावं, एक दिवस सकाळी साडेसहाला गाडीबरोबर निघा, पहिल्या बिल्डिंगपासून काट्यापर्यंत, फोटोग्राफर न घेता. डायरी घ्या, कुठल्या बिल्डिंगला सुक्याची बाजू भरली ते लिहा, हेल्परला त्याचा पगार विचारा, गोणीत आज किती सुटले ते विचारा. आणि जुनी चप्पल घाला, तो मागून गळणारा काळा रस एकदा चामड्यात मुरला की दोन उन्हाळे जात नाही.